पगार कापण्याआधी विचारावं लागतं

(हैदराबादमध्ये नोकरी करणाऱ्या मराठवाडा-विदर्भातल्या तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय पगारकपातीचा आहे. तुमच्यापैकी काहींनी मला आधीच आपापल्या कंपन्यांचे मेल वाचायला दिले होते. कंपन्या वेगळ्या, पण मजकूर जवळपास एकच. बाजाराची स्थिती कठीण आहे, आपण सगळे एक कुटुंब आहोत, म्हणून पुढच्या महिन्यापासून तुमचं वेतन ‘सुधारित’ करण्यात येत आहे. सुधारित म्हणजे कमी. खाली एक बटण, ‘आय ॲक्सेप्ट’. आणि तीन दिवसांची मुदत.

असा मेल आल्यावर माणूस कोणाला विचारतो? ज्याचे वडील बँकेत होते, काका वकील आहेत, मावशी कुठल्यातरी कंपनीत एचआरमध्ये आहे, तो संध्याकाळी तीन फोन करतो. आपल्या घरात पदवी पहिल्यांदा आली ती आपल्याबरोबर. आपण फोन केला तर बाप म्हणतो, “साहेबाशी वाकडं घेऊ नको. मिळतंय ते बघ.” मी त्या बापाला भित्रा म्हणणार नाही. त्याच्या आयुष्यात मोबदल्याबद्दल बोलणाऱ्याचं काय होतं हे त्याने पाहिलेलं आहे.

गावगाड्यात बलुतं होतं. बलुतं म्हणजे केलेल्या कामाचा मोबदलाच, पण त्याचा दर ठरलेला नाही, तारीख ठरलेली नाही, आणि नाही दिलं तर दाद मागायला जागा नाही. खळ्यावर उभं राहायचं आणि देणाऱ्याच्या मनात येईल ते पदरात घ्यायचं. महारवाड्याने मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं, नवे कपडे घातले, पोरं शाळेत घातली, की गावाचा पहिला उपाय ठरलेला असायचा. बलुतं बंद. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. कामाचा मोबदला गावाच्या मर्जीवर राहू नये, तो ठरलेला असावा, रोख असावा आणि सरकारने वसूल करून द्यावा. तेव्हा ते विधेयक पार पडलं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली आला, बाबासाहेब गेल्यानंतर.

हे सांगायचं कारण असं की वेतन आणि बक्षिसी यांतला फरक आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावा लागला नाही, तो त्यांनी सोसून शिकला. आणि तरीही कंपनीचा मेल आला की आपण पुन्हा खळ्यावर उभे असल्यासारखे वागतो. एसी ऑफिसात बसून.

आता कायद्याकडे येऊ. तुमचं नेमणूकपत्र हा करार आहे. त्यात जो पगार लिहिला आहे तो दोघांनी मान्य केलेला आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 62 असं धरून चालतं की जुन्या कराराच्या जागी नवा करार आणायचा तर दोन्ही बाजूंची संमती लागते. एका बाजूने ‘सुधारित’ म्हणून चालत नाही. म्हणून तर ते बटण ठेवलेलं असतं! कंपनीला एकटीने पगार कमी करता आला असता तर तिने तुमची परवानगी मागितलीच नसती. त्या बटणात तुमचा अधिकार आहे आणि कंपनी तो तुमच्याकडून तीन दिवसांत काढून घेऊ पाहते आहे.

मग काही जण म्हणतात, मी बटण दाबलंच नाही, मेल तसाच ठेवून दिला. हे अपुरं आहे. तुम्ही सहा महिने कमी पगार घेत राहिलात, एक ओळ लिहिली नाही, तर उद्या कंपनीचा वकील उभा राहून सांगेल की वागणुकीतूनच संमती दिसते. गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे. कागदावर ते होकाराच्या जास्त जवळ जातं.

हा झाला करार. पण सामान्य माणसाला दिवाणी कोर्टात जाऊन करार शाबीत करणं परवडत नाही, म्हणून कामगार कायदे आले. गेल्या वर्षी, 21 नोव्हेंबर 2025 पासून, देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. युनियनच्या मंडळींकडून तुम्हाला अजून जुनीच नावं ऐकू येतील, त्याने गोंधळू नका. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-अ होतं. औद्योगिक संबंध संहितेत तेच आता कलम 40 आहे. कामगाराच्या सेवाशर्तीत बदल करायचा असेल तर मालकाने 21 दिवस आधी नोटीस दिली पाहिजे. कोणत्या शर्ती, त्याची यादी संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, आणि त्या यादीत पहिलीच बाब वेतन. त्याखाली पीएफमधलं अंशदान, भत्ते, कामाचे तास, पगारी रजा. म्हणजे पगाराला हात न लावता प्रवासभत्ता बंद केला तरी तो याच यादीत येतो. नागपूरच्या एका वृत्तपत्रातल्या छपाई कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं की नोटीस बदलाच्या आधी यायला हवी. बदल करून टाकायचा आणि मग कागद पाठवायचा, हे चालत नाही.

हे एकवीस दिवस कशासाठी असतात? विचार करायला, एकमेकांना विचारायला, हरकत घ्यायला आणि समेट अधिकाऱ्याकडे जायला. एकदा समेटाची प्रक्रिया सुरू झाली की ती चालू असेपर्यंत त्या विषयातल्या सेवाशर्ती मालकाला कामगाराच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत. म्हणून एकविसाव्या दिवशी जागं होऊ नका.

पण ‘कामगार’ कोण? आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं, कामगार म्हणजे डोक्यावर हेल्मेट असलेला. कायद्यात हातकाम, कुशल-अकुशल काम, तांत्रिक काम, कारकुनी काम करणारे सगळे कामगार आहेत. देखरेख करणारा महिना 18,000 रुपयांहून जास्त घेत असेल तर तो बाहेर जातो, आणि व्यवस्थापकीय काम करणारा बाहेर जातो. मात्र काम काय आहे ते बघितलं जातं, पाटीवर काय लिहिलं आहे ते नाही. तुम्हाला ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हटलं आणि तुम्ही दिवसभर डेटा भरता, कोड लिहिता, फोन उचलता, तर केवळ पदनामावरून तुम्ही मॅनेजर ठरत नाही. आमच्या पोरांना या पदनामाचा फार आनंद होतो. गावाकडे सांगायला बरं वाटतं. कंपनीलाही बरं वाटतं, वेगळ्या कारणाने.

आणि जे खरोखर मॅनेजर आहेत त्यांनीही निराश होऊ नये. वेतन संहितेतली ‘कर्मचारी’ ही व्याख्या मोठी आहे. तिच्यात देखरेख करणारे, व्यवस्थापकही येतात आणि पगाराची मर्यादा नाही. जुन्या वेतन प्रदान कायद्याचं संरक्षण शेवटी 24,000 रुपयांपर्यंतच होतं. तिथे सुधारणा झाली आहे, हे मान्य करायला हवं. श्रमसंहितांवर माझे पुष्कळ आक्षेप आहेत, संपावर त्यांनी घातलेली बंधनं तर मला मुळीच मान्य नाहीत, पण म्हणून हातात आलेलं कलम वापरायचं नाही असं नाही.

इथे एक फरक नीट धरा. पगारातून पैसे कापणं वेगळं आणि पगाराचा दरच खाली आणणं वेगळं. तीस हजारांचा पगार तीसच ठेवला आणि या महिन्यात ‘टार्गेट झालं नाही’ म्हणून तीन हजार कापले, तर ती कपात आहे. कपात कोणत्या कारणांनी करता येते याची बंद यादी वेतन संहितेच्या कलम 18 मध्ये आहे: गैरहजेरी, उचल, कर्ज, प्राप्तिकर, पीएफ, तुमच्या हलगर्जीमुळे झालेलं नुकसान, अशी. यादीत नसलेल्या कारणाने कापता येत नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जात नाहीत. दंड करायचा तर तो पगाराच्या तीन टक्क्यांपलीकडे नाही, आणि तोही आधी तुमचं म्हणणं ऐकून. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार? कायदा म्हणतो, जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात. कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांनी आपल्या स्लिपा या नजरेने एकदा बघाव्यात. (एक सावधगिरी. दहा किंवा जास्त जणांनी ठरवून, नोटीस न देता दांडी मारली तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा याच संहितेत आहे. रागाच्या भरात ग्रुपवर ‘उद्या कोणीच जायचं नाही’ असं टाकण्याआधी हे माहीत असू द्या.)

कपातीविरुद्ध वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. मुदत तीन वर्षं. जुन्या कायद्यात बारा महिने होती. तुमचा दावा खरा ठरला तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट, पैसे पूर्ण दिले हे शाबीत करायची जबाबदारी मालकावर आहे, तुमच्यावर नाही. पण कंपनीने दरच बदलून टाकला आणि तुम्ही सही केली, तर ती म्हणणार, कपात कुठे आहे, ठरलेला पगार पूर्ण दिला की! त्या एका सहीने दहा पट भरपाईचा रस्ता अवघड होतो. बटणाचा आग्रह का असतो ते आता लक्षात येईल.

सहीची किंमत किती होते तेही बघू. एखाद्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 20,000 आहे, नोकरी आठ वर्षं झाली. वीस टक्के कापून ते 16,000 केलं. महिन्याला चार हजार गेले, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार गेले, हे सगळ्यांना दिसतं. पण ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार आणि महिना 26 दिवसांचा धरून. वीस हजारांवर आठ वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 92,300 होते. सोळा हजारांवर 73,800. म्हणजे ज्या आठ वर्षांत तुम्ही पूर्ण पगारावर राबलात त्या वर्षांतूनही साडेअठरा हजार मागे जाऊन काढून घेतले. पीएफ कमी झाला, रजेचे पैसे कमी झाले, आणि पुढच्या नोकरीत एचआरवाली विचारते, “करंट सीटीसी किती?”

सीटीसीवरून आठवलं. अलीकडे ‘नव्या संहितेमुळे तुमचा हातातला पगार कमी झाला’ असं बऱ्याच जणांना सांगितलं जातंय. संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे पीएफ जास्त कापला गेला तर तुमच्या वाट्याचा पैसा तुमच्याच खात्यात जातो, इथपर्यंत ठीक. पण मालकाने स्वतःच्या वाट्याचा वाढलेला भारही तुमच्या ठरलेल्या पगारातून वसूल केला तर ते वेगळं प्रकरण आहे. पीएफची जबाबदारी आली म्हणून मालकाने पगार कमी करू नये, हे 1952 च्या कायद्यानेच कलम 12 मध्ये लिहून ठेवलं होतं. स्लिप हातात घ्या, दोन महिन्यांच्या स्लिपा शेजारी ठेवा आणि कोणता आकडा कुठून कुठे गेला ते बघा. स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे. मागायला संकोच करू नका.

कंपनी खरंच अडचणीत असेल तर? हा प्रश्न प्रामाणिक आहे. आपली न्यायालयंही असं म्हणत नाहीत की पगार कधीच खाली येऊ शकत नाही. 1957 मध्ये क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आर्थिक संकट शाबीत झालं तर वेतनरचना खाली आणता येऊ शकते, पण किमान वेतनाच्या खाली कदापि नाही. किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा अधिकार नाही, अशी ती भूमिका होती. पुढे 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट या औषध कंपनीने महागाई भत्त्याची जुनी पद्धत मोडायला घेतली तेव्हा न्यायालयाने आकडे मागितले, आणि कंपनीला अडचण दाखवता आली नाही. तर अडचण सांगणाऱ्याने ताळेबंद दाखवावा. सगळ्यांचा कापणार की खालच्यांचाच? किती महिने? कापलेले पैसे नंतर परत मिळणार का? संचालकांचं मानधन किती कमी केलं? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. कुटुंब आहोत म्हणता, तर कुटुंबात घरखर्चाची वही सगळ्यांना दिसते.

कोरोनाच्या वेळी काय झालं ते आठवा. 29 मार्च 2020 ला केंद्राच्या गृहखात्याने आदेश काढला की टाळेबंदीत पगार न कापता द्या. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. 18 मेपासून सरकारनेच तो आदेश मागे घेतला. 12 जूनला न्यायालयाने म्हटलं की मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको, मालक-कामगारांनी वाटाघाटी कराव्यात, जमलं नाही तर कामगार खात्याकडे जावं. जिथे संघटना होती तिथे वाटाघाटी झाल्या. जिथे नव्हती तिथे मेल आला. एकट्या माणसाशी कोण वाटाघाट करतं? त्याच वर्षी गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि दुपटीऐवजी साध्या दराने ओव्हरटाइम अशी सूट दिली होती, ती मात्र 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि ओव्हरटाइमचे पैसे द्यायला लावले. ते प्रकरण न्यायालयात नेलं होतं एका कामगार संघटनेने.

इथे मला शंभर वर्षं मागे जावंसं वाटतं. 1925 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. तेव्हा 9-अ नव्हतं, नोटिशीचं बंधन नव्हतं, काहीच नव्हतं. लाखाहून जास्त कामगार संपावर गेले, महिनोन्‌महिने गावाकडच्या भाकरीवर राहिले. डिसेंबरात सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. आज आपण ज्याला कलम 40 म्हणतो तो एकवीस दिवसांचा थांबा असल्या संपांतून आला आहे. पण हाच इतिहास सांगताना एक गोष्ट गाळतात, ती मी गाळणार नाही. त्याच गिरण्यांमध्ये जास्त मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ होई. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न पुढे आणला. साडेअकरा टक्क्यांविरुद्ध सगळे एक होते. पण जातीमुळे जी कपात रोजच होत होती तिच्याविरुद्ध संप झाला नाही.

आणि ती कपात कायद्याला आजही दिसत नाही. वेतन संहितेचं कलम 3 वाचा. वेतनात लिंगाच्या कारणाने भेदभाव करता येणार नाही, असं ते म्हणतं. फार चांगलं कलम आहे. पण त्यात जात हा शब्द नाही. 1976 च्या समान वेतन कायद्यातही तो नव्हता. आता तुमच्याकडे पगाराचा एक भाग ‘व्हेरिएबल’ असतो, तो रेटिंगवर ठरतो, रेटिंग मॅनेजर ठरवतो, आणि मॅनेजर कोणाबरोबर जेवायला बसतो, कोणाच्या आडनावावर थबकतो, कोणाचं इंग्रजी त्याला ‘क्लायंटसमोर चालणारं’ वाटतं, हे कुठल्याही कागदावर येत नाही. पगार तोच राहतो आणि चाळीस हजारांचा व्हेरिएबल अकरा हजार होतो. याला कपात म्हणायचं की नाही?

इथे कलम हाताशी नाही, पुरावा मात्र ठेवता येतो. काम चांगलं झालं म्हणून आलेला प्रत्येक मेल, टार्गेट पूर्ण झाल्याचा प्रत्येक अहवाल, बदललेल्या निकषाची तारीख. रेटिंग खाली आलं तर कारण लेखी मागा. ऑफिसचा लॅपटॉप एका क्षणात बंद होतो, म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि स्वतःच्या मूल्यमापनाचे कागद स्वतःजवळ ठेवा. ग्राहकांचा डेटा किंवा कंपनीच्या गुपिताची फाइल मात्र हलवू नका, नाहीतर मूळ प्रश्न बाजूला राहील आणि तुमच्यावरच चौकशी बसेल.

काही मंडळी या सगळ्या कायद्यांच्या कडेला आहेत. शिक्षक ‘कामगार’ नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये दिला, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात. मुलांना घडवण्याचं काम इतकं थोर की त्याला कामगार कायदा लावता येत नाही, असा एकूण सूर. थोरपणाने किराणा येत नाही हे शिक्षकांना ठाऊक आहे. आपली किती मुलं बी.एड. करून खाजगी संस्थेत आहेत, आणि खात्यात पूर्ण पगार जमा झाला की दोन दिवसांनी संस्थाचालकाच्या माणसाला रोख किती द्यावे लागतात, हे इथे बसलेल्यांना मी सांगायची गरज नाही. कागदावर कपात शून्य. अशा वेळी दर महिन्याला त्याच तारखेला तेवढीच रोख काढल्याची बँकेची नोंद, मेसेज, जे मिळेल ते जपा. महाराष्ट्रात खाजगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे. बडतर्फ केलं किंवा पदावनत केलं तर तिथे अपील होतं. औद्योगिक संबंध संहितेतून धर्मादाय, सामाजिक संस्थाही बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे दिवसभर वस्तीत जाऊन लोकांना हक्क समजावणाऱ्या एनजीओतल्या कार्यकर्तीला स्वतःचा पगार कमी झाल्यावर कलम 40 नाही! तिला वेतन संहिता आहे आणि करार कायदा आहे, तेवढं तिने घट्ट धरावं.

सरकारी नोकरीतल्यांचं वेगळं. तिथे वेतननिश्चिती चुकली म्हणून वर्षांनंतर पगार खाली आणतात. रेल्वेच्या एका गार्डचं मूळ वेतन 190 रुपये ठरलं होतं, ते 1970 पासून मागे जाऊन 181 केलं, नोटीस न देता. नऊ रुपये. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1994 मध्ये जिंकला: माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याचा पगार कमी करता येत नाही. आणि चुकून जास्त दिलेल्या पगाराची वसुली तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून करू नये, हे 2014 च्या निकालात आहे. घरी कोणी निवृत्तीला आलेलं असेल तर हे लक्षात ठेवा, वसुलीचे कागद बहुतेक त्याच सुमारास निघतात.

मग मेल आल्यावर नेमकं काय करायचं? घाईने सही करायची नाही आणि घाईने राजीनामाही द्यायचा नाही. उत्तर लिहायचं. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, मुद्दे महत्त्वाचे. ‘माझ्या अमुक तारखेच्या नेमणूकपत्रानुसार माझं वेतन इतकं आहे. तुम्ही सुचवलेली कपात मला मान्य नाही. कमी रक्कम माझ्या खात्यात जमा झाली तर ती मी हरकत कायम ठेवून स्वीकारेन, उरलेल्या रकमेवरचा माझा हक्क मी सोडलेला नाही.’ बस. रागाचा शब्द नाही, धमकी नाही, आंबेडकरांचं अवतरणही नाही. ते आपल्या बैठकीसाठी ठेवा. मेल पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी सांगितलं गेलं असेल तर ‘आज आपण मला असं सांगितलंत’ म्हणून त्याच दिवशी मेल करा. नोकरी सोडायचीच ठरली तर शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे, असं वेतन संहिता सांगते.

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, तिच्यात निम्मे लोक कामगारांचे. एकट्याची तक्रार आधी तिथे नेता येते. पण एक मेख आहे. एकट्याला कामावरून काढलं तर तो एकटाही औद्योगिक विवाद उभा करू शकतो. एकट्याचा पगार कापला तर तसं होत नाही, त्याला सहकाऱ्यांची किंवा युनियनची साथ लागते. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ‘तुलाही आला का मेल?’ हे विचारावंच लागतं. पगार सांगणं असभ्य आहे, हा समज कंपनीच्या फार उपयोगाचा आहे. सात जण मिळून युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येतो, त्यापुढे दहा टक्के किंवा शंभर कामगार, जे कमी असेल ते, सभासद असावे लागतात. आपलीच माणसं घेऊन करू नका. ज्यांचा पगार कापला गेला त्या सगळ्यांना घ्या, आणि समितीवर आपली माणसं आहेत ना तेही बघा.

शेवटचा मुद्दा तुमच्या पगाराचा नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील कंत्राटदाराकडे झाडूकाम, ड्रेनेजचं काम, दवाखान्याची सफाई करतात. त्यांना मेल येत नाही. मुकादम पैसे हातात ठेवताना कमी ठेवतो. दिल्लीतल्या 1982 च्या एशियाडच्या बांधकामावर किमान मजुरी सव्वानऊ रुपये होती आणि जमादार त्यातला रुपया काढून घेत. सर्वोच्च न्यायालयाने त्या एका रुपयासाठी राज्यघटनेचं कलम 23 लावलं, वेठबिगारीचं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणूस काम करतो तेव्हा त्याने ते स्वखुशीने केलं असं मानायचं नाही, भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच, असं न्यायालयाने म्हटलं. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे महापालिकेवर, दवाखान्यावर. 1970 च्या कायद्यात तसं होतं, नव्या संहितेतही आहे. मुंबईत कचरा वाहतुकीच्या 2,700 कंत्राटी कामगारांनी लढून 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायमपण मिळवलं, तेव्हा त्यांच्या बाजूला कागद होते आणि युनियन होती.

या दिवाळीला घरी जाल तेव्हा आईचं पीएफचं खातं उघडून बघा. तिला यूएएन नंबर माहीत नसेल तर मुकादमाकडे मागा. तो टाळत असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात कंत्राटाची प्रत माहिती अधिकाराखाली मागा, अर्जाला दहा रुपये लागतात. त्या कंत्राटात माणशी किती मजुरी धरली आहे ते लिहिलेलं असतं. आणि तिच्या हातात किती येते ते ती सांगेल.